करंजाच्या तेलावरचं इंजिन

बाबांनी माझ्या कामाच्या टेबलावर आणून ठेवलेली पहिली बाटली खोकल्याच्या औषधाची होती. लेबल नखाने अर्धवट खरवडलेलं, आणि आत गडद, तांबूस तपकिरी तेल. बूच काढलं तसा कडवट, उग्र वास टेबलभर पसरला. शेजारी टायट्रेशन करत असलेल्या दोन मुली नाकाला पदर लावून खिडकीपाशी गेल्या.

"करंजाचं आहे," बाबा म्हणाले. "याच्यात काय काय आहे ते पाहून दे. इंजिनले चालते का, सांग मले."

मी तेव्हा नागपुरात एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. द्रावणं बनवायची, काचसामान मोजून द्यायचं, फुटलं की रजिस्टरमध्ये लिहायचं, हे माझं काम. बी.एस्सी. झाले होते एवढंच. पण बाबांच्या लेखी मी शास्त्रज्ञ होते, आणि इंजिनाला काय चालतं हे मला ठाऊक असणारच. मला काहीच ठाऊक नव्हतं. करंजाचं तेल मी फक्त बैलाच्या खरजेवर लावताना पाहिलं होतं.

"पाहते," मी म्हटलं आणि बाटली कपाटात ठेवली.

बाबांनी तीस वर्षं नागपुरातल्या कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिन सांभाळलं. निवृत्त झाल्यावर ते आणि आई पारशिवनीजवळच्या आमच्या गावी जाऊन राहिले. चार एकर शेत, एक विहीर, विहिरीवर एका सिलिंडरचं काळं, सावकाश फिरणारं डिझेल इंजिन. मिरची आणि गहू. मी नागपुरातच, महाल भागात, आत्याकडे राहत असे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी एस.टी.ने गावी जाऊन येत असे.

ती डिझेलच्या टंचाईची वर्षं होती. तहसीलमधून चिठ्ठी आणायची, ती घेऊन पंपावर रिकामा डबा रांगेत लावायचा आणि आपण सावलीला बसायचं. कधी टँकर यायचा, कधी नाही. अशाच एका रांगेत बाबांनी पंपावरच्या माणसाला विचारलं, की डिझेल का येत नाही. तो म्हणाला, "काकाजी, बाहेरून येते ते. तिकडून बंद झालं तर आमी काय करू?"

पुढच्या वेळी नागपूरला आले तेव्हा बाबांनी मला नकाशा मागितला. बाहेरून म्हणजे कुठून, हे त्यांना बघायचं होतं. मी आत्याच्या मुलाचा शाळेचा नकाशासंग्रह काढून आखातातले देश दाखवले. बाबांनी नागपूरवर एक बोट ठेवलं, तिथे दुसरं ठेवलं आणि मधलं अंतर बराच वेळ पाहत राहिले.

"एवढ्या दुरून येते? अन् माह्या मिरचीचं पाणी त्याच्या भरवशावर?"

त्यानंतर महिन्याभरात ती खोकल्याची बाटली आली.

खरं तर बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. जिनिंगमधल्या जुन्या इंजिनांत त्यांनी नाना तऱ्हेची तेलं जळताना पाहिली होती. आमच्या गावच्या नाल्याकाठी करंजाची पंधरा-वीस मोठी झाडं होती. चैत्रात शेंगांचा खच पडायचा आणि जनावरंही त्याला तोंड लावत नसत. बाबांनी शेजारपाजारच्या बायांकडून शेंगा गोळा करवल्या, आईने ओसरीवर बसून त्या फोडल्या, आणि बाबा बिया घेऊन तेलघाणीवर गेले. तेल निवळायला मोठ्या मडक्यांत ठेवलं. मग लुगड्याच्या जुन्या कापडातून दोनदा गाळलं. मी माझ्या परीने त्यातलं आम्ल मोजलं, सोड्याने ते कमी करून पाहिलं, थोडा साबण झाला, तो साबण आत्याने भांडी घासायला नेला. इंजिनाला चालेल की नाही, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही. मी बाबांना एवढंच म्हटलं, की तेल फार घट्ट आहे.

"गरम झालं की पातळ होते," ते म्हणाले.

त्यांनी इंजिनावर पत्र्याच्या डब्याची दुसरी टाकी बसवली. लहान टाकीत डिझेल, मोठीत करंजाचं तेल. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, तापलं की एक तोटी बंद करून दुसरी उघडायची. कार्तिकात गव्हाला पहिलं पाणी द्यायच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले होते. गड्याने हँडल मारलं. दहा मिनिटांनी बाबांनी तोटी फिरवली. इंजिनाचा आवाज जरा जड झाला, एकदा अडखळला, पांढरट धूर आला, आणि कढईत काहीतरी करपल्यासारखा वास शेतात पसरला. पण पाणी थांबलं नाही. बाबा पाटाच्या तोंडाशी गेले आणि वाहत्या पाण्यात हात धरून बसून राहिले. बरेच लोक जमले होते. त्यांच्यासमोर बाबा शांतपणे म्हणाले, "चालू कराले कपभर डिझेल. त्याच्यापुढं थेंब नाई."

आणि सुरू करण्यापुरतं डिझेल घरच्या डब्यात होतंच, म्हणून आपली डिझेलची चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी शेजारच्या शेतकऱ्याला देऊन टाकली. पुढेही दर महिन्याला देत राहिले.

हिवाळाभर मला गावी जाणं जमलं नाही. कॉलेजात परीक्षा होत्या. बाबांची पोस्टकार्डं येत. पौषात एक आलं, त्यात इंजिन त्रास देऊन राहिलं, एवढंच होतं. नंतरच्या कार्डांत मात्र सगळं उत्तम. इंजिनात तेल फवारणारं नोझल स्वच्छ, धूर कमी, मिरची भरली. माघात बाबा स्वतःच आले, धोतर-कोट घालून. शेतकी खात्यातला एक अधिकारी इंजिन पाहून गेला होता. त्याला वरती अहवाल पाठवायचा होता. तेलाचा नमुना कुठल्यातरी प्रयोगशाळेत तपासून, करंजाचंच आहे अशी चिठ्ठी जोडा, असं तो म्हणाला होता.

"तुह्याच कॉलेजचा शिक्का मारून दे," बाबा म्हणाले आणि एक बाटली पुढे केली. "टाकीतून काढलं, काल."

बाटली उजेडात धरली तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं. रंग फिका होता. पण इतक्या वेळा गाळलेलं तेल फिकं होणारच, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी मुलं गेल्यावर मी एक पिपेट घेतली, आधीचं उरलेलं करंजाचं तेल त्यात भरलं आणि घड्याळ लावून थेंब थेंब गळू दिलं. मग पिपेट धुऊन नव्या बाटलीतलं भरलं. ते भराभर उतरलं. मला वाटलं, आपण खूण चुकलो. पुन्हा केलं. तेच. पिपेट बदलली. तेच. शेवटी मी चिनी मातीच्या बशीत थोडं तेल घेतलं आणि वास घेतला. करंजाच्या कडवट वासाखाली दुसरा एक वास होता, जो मी पंपावरच्या रांगेत अनेकदा घेतला होता.

मी स्टुलावर बसले. त्यात डिझेल होतं. थोडंथोडकं नाही, निम्मं तरी असावं.

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं. एका प्राध्यापकांना मी सौम्य आम्लाऐवजी तीव्र आम्लाची बाटली देणार होते, ती त्यांनीच परत केली. मला समजत नव्हतं की मी नेमकं काय शोधून काढलं आहे. जिनिंगमध्ये एक खिळा इकडचा तिकडे न करणारे माझे बाबा लोकांसमोर एक सांगतात आणि टाकीत दुसरं घालतात? मग मला तपासायला का दिलं? मी पकडू शकणार नाही असं त्यांना वाटलं, की मी पकडलं तरी गप्प बसेन असं वाटलं? की माझंच काही चुकत होतं? मी धड शिकलेली शास्त्रज्ञ नव्हते. थंडीत-उन्हात तेल बदलत असेल. निवळत ठेवल्याने पातळ होत असेल. मी चिठ्ठी लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत थांबले. दोनदा कागद फाडला.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने गावी गेले. बाबा शेतावर होते. आई चुलीशी भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि कसं विचारावं ते न सुचून थेट विचारलं, "आई, बाबा तेलात डिझेल टाकतात का?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"ते काहून टाकतील?"

"मी तपासलं. आहे त्यात."

"ते नाई टाकत," ती म्हणाली. "मी टाकून राहिली."

मला आधी कळलंच नाही. ती भाकरी उलटवत सगळं सांगत गेली, जसं काही लोणचं कसं घातलं ते सांगते आहे.

पौषात थंडी पडली तसं तेल घट्ट झालं. इंजिन रोज बंद पडायला लागलं. बाबा रोज नोझल उघडत, त्यावरची काळी खपली खरवडत, परत बसवत. पाच-सहा दिवस असं चाललं. एका सकाळी ते तसेच काळे हात घेऊन ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "तीस वर्षं मी काय शिकलो? हे यंत्र माही थट्टा करून राहिलं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

"मले त्यातलं काय समजते?" आई म्हणाली. "पण डिझेलवर ते चालत होतं, एवढं मी पाह्यलं होतं. म्हटलं, थोडं टाकून पाहू."

शेजारच्या घरात आमच्याच चिठ्ठीवरचं डिझेल पडलेलं होतं. तिथल्या बाईला आईने वाळलेल्या मिरच्या दिल्या आणि डिझेल आणलं. तेलाचं पिंप शेतातल्या झोपडीत असे. सकाळी बाबा आंघोळीला बसले की आई शेणाची पाटी घेऊन शेतावर जायची, पिंपातून एक डबा करंजाचं तेल काढायची आणि एक डबा डिझेल ओतायची. काठीने ढवळायची. त्या दिवसापासून इंजिन बंद पडलं नाही.

"अन् काढलेलं तेल?"

तिने मानेनेच आतल्या खोलीकडे खूण केली. मी उठून गेले. धान्याच्या कोठीमागे, जुन्या गोधडीखाली, तोंडाला फडकी बांधलेली मडकी ओळीने उभी होती. गोधडी उचलताच तोच कडवट वास आला. बाबांना दिसलंच असतं, पण त्या कोठीमागे ते कधी गेले नसावेत.

"फेकायचं कसं?" आई दारातून म्हणाली. "किती शेंगा फोडल्या मी."

मी परत येऊन बसले. मला हसावं की रडावं ते कळेना. आठवडाभर ज्यांच्यावर संशय घेतला ते बाबा निर्दोष होते, याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण मग त्यांचं इंजिन करंजावर चाललं, हे तर खोटंच होतं की. आणि ते खोटं त्यांना ठाऊक नव्हतं. ते सगळ्या गावाला, अधिकाऱ्याला, मला मनापासून सांगत होते.

"त्यायले सांगू नोको," आई म्हणाली. "थंडी सरली आता. मी बंद करतो."

"पण चिठ्ठीत काय लिहू?"

"करंज लिही. करंज नाई का त्याच्यात?"

तिचं म्हणणं खरंच होतं. तेवढ्यात बाबा आले. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि पहिलाच प्रश्न तो.

"आणली का चिठ्ठी?"

मी आईकडे पाहिलं. तिने पाठ फिरवली. मी ठरवून आले होते असं नाही, पण तोंडातून निघून गेलं. "बाबा, त्यात डिझेल आहे."

"नाई," ते शांतपणे म्हणाले.

"मी तीनदा तपासलं."

"मंग तुह्या नळीत दोष असन."

आई चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "नळीत दोष नाई. मी टाकून राहिली होती."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ताटाकडे. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. ताट तसंच राहिलं. आई मला म्हणाली, "सांगतलं ना तुले," आणि मीही जेवले नाही. त्या दिवशीची परतीची एस.टी. मी चुकवली. मुद्दाम चुकवली की चुकली, आता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं चहाला बसलो होतो. बाबा कपातला चहा बशीत ओतत म्हणाले, "किती टाकत होती?"

"एक डबा तुमचा, एक डबा त्याचा."

"कवापासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

त्यांनी बशीत फुंकर घातली. "म्हणून नोझल साफ राह्यलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "लिही. अर्धं करंज, अर्धं डिझेल. खोटं नोको लिहू."

मला वाटलं, आता मिटलं. पण ते रागावले होते की सुटल्यासारखं वाटून बोलत होते, तेही मला ओळखता आलं नाही. कारण चहा झाल्यावर ते शेताकडे गेले नाहीत. पुढे आठ दिवस गेले नाहीत. आईनेच गड्याला हँडल मारायला लावून इंजिन चालवलं. किती वेळाने तोटी फिरवायची, हे बघून बघून तिला पाठ झालं होतं. नवव्या दिवशी, आई सांगायची, बाबा बांधावर येऊन उभे राहिले, आवाज ऐकला, आणि जवळ येऊन एक नट अर्धा फेरा आवळला. मग दोघंही घरी आले.

मी खरी चिठ्ठी लिहिली. अधिकारी ती घ्यायला नागपुरात कॉलेजवर आला, तेव्हा बाबाही आले होते. त्याने वाचलं आणि चष्मा काढला.

"अहो, मग यात विशेष काय राहिलं? अर्धं डिझेल म्हणजे डिझेलवरच चाललं की."

"अर्धं डिझेल वाचलं ना, साहेब?" बाबा म्हणाले.

"वाचलं. पण मी वर आधीच कळवलंय की पूर्ण करंजावर चालतं. लोक ते बघायला येणार होते."

"पूर्णावर बंद पडते. अर्ध्यावर चालते. हे मले आधी माहीत नव्हतं, आता माहीत झालं."

"मिश्रण काय, कोणीही करेल."

मी दोघांच्या मध्ये चिठ्ठीचं दुसरं टोक धरून उभी होते. अधिकाऱ्याचं बोलणं मला पटत होतं आणि बाबांचंही. बाबा असं काही म्हणतील, हेच मला अनपेक्षित होतं. चिठ्ठी अधिकारी घेऊन गेला. तिचं पुढे काय झालं, त्याने वर आधी कळवलेलं बदललं की तसंच ठेवलं, आम्हाला कधीच कळलं नाही. बघायला कोणी आलं नाही.

पुढची दोन वर्षं बाबांनी डिझेलची चिठ्ठी परत स्वतःकडे ठेवून उघडपणे निम्मं-निम्मं चालवलं. कोठीमागची मडकी पहिल्या हंगामातच संपली. शेजारच्या शेतकऱ्यानेही एकदा करून पाहिलं, पण करंजाच्या शेंगा फोडायला त्याच्या घरी कोणी तयार होईना. मग शेतावर विजेचे खांब आले, मोटर बसली, आणि बटण दाबून पाणी यायला लागलं. इंजिन बाबांनी एका वीटभट्टीवाल्याला दिलं. देताना दुसरी टाकी काढून ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

हल्ली बियांच्या तेलावर गाड्या चालवण्याबद्दल लोक बोलतात, पेपरात येतं. नात्यातलं कोणी मला म्हणतं, तुमच्या बाबांनी तर हे कधीच केलं होतं. मी हो म्हणते. मग मला वाटतं, बाबांनी केलं होतं की आईने? बाबांनी केलं ते बंद पडलं. आईने केलं ते चाललं, पण तिला काही करायचंच नव्हतं, तिला फक्त त्यांना जेवायला बसवायचं होतं. आणि मी जर बाटली तपासलीच नसती, तर थंडी सरल्यावर तिने डिझेल घालणं थांबवलं असतं, उन्हात तेल पातळ राहिलं असतं, आणि इंजिन पूर्ण करंजावर चालतं असं बाबा शेवटपर्यंत मानत राहिले असते. ते बरं झालं असतं का? मी हा हिशेब अनेकदा मांडला आहे. तो माझ्याने सुटत नाही.

बाबा गेल्यानंतर एकदा मी आईला विचारलं, की तेव्हाच त्यांना का नाही सांगितलंस, अर्धं टाकलं की चालतं म्हणून. ते इंजिनातले माणूस होते, त्यांना पटलं असतं.

ती गहू निवडत होती. म्हणाली, "मले वाटलं, त्यायले माहीत आहे."

"माहीत होतं त्यांना?"

"तसं नाई. वासानं समजते ना माणसाले. इतके वर्ष इंजिनापाशी राहिले ते." तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "मी टाकत होती अन् ते काही म्हणत नव्हते. म्हटलं, असंच चालू द्यायचं असन त्यायले."

"मग त्या दिवशी ताटावरून का उठून गेले?"

"ते तुह्यासमोर निघालं म्हणून असन," ती म्हणाली. मग सूप पुन्हा पाखडायला घेत म्हणाली, "का कोण जाणे, बाई. मी नाई विचारलं."